का फोडले, हे कोण विचारणार?

सरकारी गुपित फोडल्याच्या खटल्यात आरोपीला बहुतेक सगळे विचारले जाते. कागद कोणत्या कपाटातला होता, त्याची प्रत कुठे काढली, ती कोणाच्या हाती दिली, कागदावर शिक्का कोणता होता. एकच प्रश्न विचारला जात नाही, आणि आरोपी आपणहून त्याचे उत्तर देऊ लागला तर त्याला अडवले जाते: हे का केलेस?

डॅनियल एल्सबर्ग यांना १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात हेच अनुभवाला आले. व्हिएतनाम युद्धात अमेरिका कशी गुंतत गेली याचा एक गुप्त इतिहास तिथल्या संरक्षण खात्याने लिहवून घेतला होता. ४७ खंड, सुमारे सात हजार पाने. तो लिहिणाऱ्यांत एल्सबर्गही होते. युद्धाविषयी सरकारला आतून काय ठाऊक होते आणि जनतेला काय सांगितले जात होते, यांतले अंतर त्या पानांत तारखांसकट नोंदलेले होते. १९६९ मध्ये त्यांनी ते खंड कचेरीबाहेर नेऊन रात्री झेरॉक्स करायला सुरुवात केली आणि १३ जून १९७१ पासून त्यांतला मजकूर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येऊ लागला. सरकार छपाई थांबवायला न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. हा विजय पुष्कळांना माहीत असतो. एल्सबर्ग यांच्यावर पुढे जो वेगळा खटला चालला, त्याची आठवण कमी काढली जाते. सगळे आरोप शाबीत झाले असते तर त्यांना ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. ते साक्षीला उभे असताना त्यांच्याच वकिलांनी विचारले, तुम्ही या प्रती का काढल्या? सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती उचलून धरली. ‘का’ हा मुद्दा गैरलागू ठरला. ११ मे १९७३ रोजी खटला निकालात निघाला, तो सरकारच्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय फोडले होते आणि त्यांचे फोनवरचे बोलणे चोरून ऐकले होते, हे उघडकीला आल्यामुळे. त्यांनी केले ते योग्य होते की अयोग्य, यावर न्यायालयाने मत दिलेच नाही.

ब्रिटनमध्ये एकदा हा प्रश्न बारा सामान्य माणसांनी विचारला. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसे गेली. ती नौका त्या वेळी कोणत्या दिशेने चालली होती याबद्दल सरकार संसदेला खरे सांगत नाही, असे संरक्षण खात्यातले अधिकारी क्लाइव्ह पॉन्टिंग यांना दिसले आणि त्यांनी संबंधित कागद एका खासदाराकडे पाठवले. खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे हित मानते ते. फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने ते बाजूला ठेवून पॉन्टिंग यांना निर्दोष सोडले. सरकारने १९८९ मध्ये कायदाच बदलला. लोकहितासाठी केले, हा बचाव त्या नव्या कायद्यात बसत नाही, असे २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड शेलर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. ज्यूरीने उघडलेली खिडकी चार वर्षांत बंद झाली होती.

पुढील पानांत सरकारी गुपिते इंटरनेटवर फोडण्याचे कायदे आणि त्यामागची नीती यांची चर्चा आहे. त्या चर्चेत शिरण्यापूर्वी मला माझी बाजू मांडू द्या, म्हणजे वाचकाला ती तपासता येईल. गुपित ठेवण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. गुपित फोडणारा प्रत्येक माणूस मला वीर वाटत नाही. पण फोडलेल्या कागदाने कोणते गैरकृत्य उघड झाले आणि प्रत्यक्षात कोणाचे काय नुकसान झाले, हे दोन प्रश्न ज्या कायद्याला विचारताच येत नाहीत, तो कायदा हेर आणि सचोटीचा कारकून यांना एकाच पिंजऱ्यात उभे करतो. हे अन्यायाचे आहे. आणि फोडणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे, जिच्याकडे त्याचे चाहते काणाडोळा करतात: आपण काय फोडतो आहोत ते त्याने आधी वाचलेले असले पाहिजे.

गुपिताची गरज मुंबईला कोणी समजावून सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडो कुठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर काय चालले आहे, हे वृत्तवाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच पाहून ताजमधल्या आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणाची अत्यंत कडक शब्दांत नोंद घेतली. तिथे तर कोणी कागद फोडला नव्हता. डोळ्यांना दिसणारे फक्त दाखवले होते. तरी ते चूक होते, कारण त्या क्षणी ती माहिती आत अडकलेल्या माणसांच्या जिवावर बेतणारी होती. सैन्याच्या चालू हालचाली, खबऱ्यांची नावे, सुरू असलेल्या वाटाघाटींतली माघारीची रेषा, संकेतलिपीच्या किल्ल्या: यांना झाकून ठेवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. वाद आहे तो या खऱ्या गुपितांच्या आडोशाने जे इतर काही झाकले जाते त्याबद्दल.

आपल्याकडे हा आडोसा फार रुंद आहे. शासकीय गोपनीयता कायदा, म्हणजे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, १९२३ चा. तो इंग्रजांनी त्यांच्या १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर केला. त्या ब्रिटिश कायद्यातले सर्वांत बदनाम कलम ब्रिटनने १९८९ मध्ये काढून टाकले. आपल्याकडे त्याचे भावंड असलेले कलम ५ अजून चालू आहे. या कलमाखाली गुपित सांगणारा दोषी आहेच, ते जाणूनबुजून घेणाराही दोषी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम ३ हेरगिरीचे. संरक्षणाशी संबंधित बाब असेल तर चौदा वर्षांपर्यंत. आणि गुपित म्हणजे नेमके काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. कोणत्या कागदावर ‘सीक्रेट’ आणि कोणत्यावर ‘टॉप सीक्रेट’ असा शिक्का मारायचा हे खात्यांतर्गत सूचनांनी ठरते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ च्या पहिल्याच अहवालात हा कायदा रद्द करून राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात नेमक्या तरतुदी कराव्यात, अशी शिफारस केली होती. ती तशीच राहिली.

व्याख्या नसली की काय होते ते दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी यांनी भोगले. जून २००२ मध्ये त्यांच्या संगणकावर जम्मू-काश्मीरमधल्या भारतीय सैन्याच्या संख्येविषयीचा एक मजकूर सापडला आणि त्यांना या कायद्याखाली अटक झाली. तो मजकूर पाकिस्तानातल्या एका संस्थेने छापलेला, इंटरनेटवर कोणालाही मिळणारा होता. सात महिने तिहार तुरुंगात काढल्यावर, लष्करी गुप्तचर विभागाने ही माहिती उघडच असल्याचे मान्य केल्यानंतर, जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला गेला. सगळ्या जगाला वाचता येणारे पान हे सरकारी गुपित कसे असू शकते, हा प्रश्न विचारायला सात महिने लागले.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे घडली. देवळालीच्या छावणीत जवानांकडून अधिकाऱ्यांची घरची कामे करून घेतली जातात, हे छुप्या कॅमेऱ्याने टिपणाऱ्या एका महिला पत्रकारावर २०१७ मध्ये याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. त्या चित्रफितीत दिसलेल्या एका जवानाचा मृत्यू झाला होता. छुपा कॅमेरा वापरताना बोलणाऱ्याची ओळख झाकण्याची काळजी पुरेशी घेतली का, हा प्रश्न त्यात नक्कीच आहे आणि तो फार गंभीर आहे. पण अधिकाऱ्याच्या कुत्र्याला फिरवून आणणे हे लष्करी गुपित कसे ठरते? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो गुन्हा रद्द केला. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केले म्हणून एका नागरिकावर हाच कायदा लावला गेला होता. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले की या कायद्यातल्या ‘निषिद्ध जागे’च्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही. दोन्ही ठिकाणी न्याय मिळाला. पण तो मिळेपर्यंत वकील, तारखा आणि घरच्यांचा घोर यांत जी वर्षे जातात, त्यांची भरपाई कोणी देत नाही, आणि बघणारे दहा जण त्या भीतीने गप्प बसतात.

याच राज्यात २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, तो अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या रेट्याने. २००५ चा केंद्राचा कायदा तर आणखी पुढे गेला. त्याच्या कलम ८(२) मध्ये एक विलक्षण वाक्य आहे: गोपनीयता कायद्यात काहीही असले तरी, माहिती उघड करण्यातले लोकहित जर नुकसानीहून मोठे असेल, तर ती देता येईल. कलम २२ सांगते की दोन कायद्यांत विरोध आला तर माहितीचा अधिकार वरचढ. तराजू आहे, दोन पारडी आहेत. मात्र तो तराजू माहिती मागणाऱ्या अर्जदारासाठी आहे. स्वतःच्या टेबलावरचा कागद बाहेर देणाऱ्या कर्मचाऱ्याला तो उपलब्ध नाही.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय या प्रश्नाच्या बरेच जवळ आले. राफेल विमानांच्या खरेदीसंबंधीचे संरक्षण खात्यातले कागद ‘द हिंदू’ने फेब्रुवारीत छापले. फेरविचार याचिकांत ते पुरावा म्हणून आल्यावर, हे कागद चोरीचे आहेत, ते पाहूच नयेत, असा युक्तिवाद महान्यायवादींनी केला. १० एप्रिलला सरन्यायाधीश रंजन गोगोई, न्या. संजय किशन कौल आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी सरकारची हरकत एकमताने फेटाळली, आणि त्यात एल्सबर्ग यांच्या त्या १९७१ च्या निकालाचा आधार घेतला. नोव्हेंबरमध्ये मूळ फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कागद पाहिले म्हणजे आरोप शाबीत झाले असे नव्हे. पण छापणाऱ्याला आणि न्यायालयात आणणाऱ्याला मिळालेले हे संरक्षण कागद देणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तो अजून १९२३ मध्येच उभा आहे.

मग त्याने सरळ मार्गाने तक्रार का करू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूत आहे. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार या तरुण अभियंत्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आपल्याकडे १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. त्यांनी तर काहीच फोडले नव्हते. कायद्याने दिलेल्या अर्जावर माहिती मागितली होती. अशा माणसांसाठी जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. तो अमलात आणण्याची अधिसूचनाच निघाली नाही. उलट २०१५ मध्ये लोकसभेत संमत झालेल्या दुरुस्ती विधेयकाने गोपनीयता कायद्यात बसणारी माहिती त्याच्या कक्षेबाहेर काढायचे ठरवले. सरळ वाट अशी काट्यांनी भरून ठेवायची आणि माणूस कुंपण ओलांडून गेला की त्याला देशद्रोही म्हणायचे, हे मला पटत नाही.

आता इंटरनेट. एल्सबर्ग यांना सात हजार पानांच्या प्रती काढायला महिने लागले. त्या महिन्यांत त्यांनी प्रत्येक पान हातात घेतले होते, आणि ते त्यांनी स्वतः अभ्यासलेले होते. म्हणूनच ४७ पैकी चार खंड त्यांनी वृत्तपत्रांना दिले नाहीत. त्यांत शांततेच्या वाटाघाटींचा वृत्तान्त होता आणि त्या वाटाघाटींना धक्का लागू नये असे त्यांना वाटत होते. चेल्सी मॅनिंग यांनी २०१० मध्ये बगदादजवळच्या तळावरून विकिलीक्स या गुपिते प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाला जे दिले ते सात लाखांहून अधिक दस्तऐवज होते. बावीस वर्षांच्या एका सैनिकाने एवढे वाचलेले असणे शक्यच नाही.

त्यातल्या पहिल्या भागाबद्दल माझ्या मनात शंका नाही. १२ जुलै २००७ रोजी बगदादच्या रस्त्यावर अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी आणि इतर माणसे मारली गेली. जखमीला उचलायला आलेल्या गाडीवरही गोळ्या झाडल्या, आत मुले होती. रॉयटर्सने ते चित्रण रीतसर मागितले होते, ते मिळाले नव्हते. ५ एप्रिल २०१० रोजी विकिलीक्सने ते जगासमोर ठेवले. ते झाकण्यात कोणत्याही सैनिकाची सुरक्षा नव्हती. अब्रू तेवढी होती. त्यानंतर अफगाणिस्तानच्या नोंदी आल्या, ऑक्टोबरमध्ये इराक युद्धाच्या ३,९१,८३२ नोंदी आल्या, आणि २८ नोव्हेंबरपासून अमेरिकी वकिलातींच्या २,५१,२८७ केबल्स प्रसिद्ध होऊ लागल्या. सुरुवातीला वृत्तपत्रे त्यांतली नावे झाकून, निवड करून छापत होती. भारताविषयीच्या सुमारे ५,१०० केबल्स ‘द हिंदू’ने मार्च २०११ पासून अशाच अभ्यासाने प्रसिद्ध केल्या, २००८ च्या विश्वासदर्शक ठरावासाठी पैसे वाटल्याच्या उल्लेखाने संसद हादरली, आणि या केबल्सच्या खरेपणाची खातरजमा सरकार करू शकत नाही, असे पंतप्रधान मनमोहन सिंग यांना सभागृहात सांगावे लागले. आपल्या राज्यकर्त्यांच्या खासगी बैठकांत काय बोलले जाते हे भारतीय मतदाराला परक्या देशाच्या टिपणांतून कळावे, ही त्या राज्यकर्त्यांनी विचार करण्याजोगी गोष्ट होती.

मग २ सप्टेंबर २०११ रोजी विकिलीक्सने सगळ्या केबल्स, एकही नाव न झाकता, खुल्या केल्या. मूळ फाइल आधीच जालावर पसरली होती, तिचा पासवर्ड एका पुस्तकात छापला गेला होता; दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. ‘गार्डियन’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘डेर श्पीगल’, ‘एल पाईस’ आणि ‘ल मोंद’ या पाचही भागीदार वृत्तपत्रांनी या कृतीचा निषेध केला. मी त्यांच्याशी सहमत आहे. त्या केबल्समध्ये ज्यांनी हुकूमशाही राजवटींत जीव मुठीत धरून अमेरिकी अधिकाऱ्यांशी बोलण्याचे धाडस केले होते, असे मानवाधिकार कार्यकर्ते, पत्रकार, वकील होते. त्यांनी कोणतेही पाप केलेले नव्हते. सुक्याबरोबर ओले जळते ते असे. मॅनिंग यांच्या शिक्षेच्या सुनावणीत, नोंदींत नाव आल्यामुळे अमुक एक माणूस मारला गेला असे उदाहरण अमेरिकी लष्कराच्या अधिकाऱ्याला देता आले नाही, हे खरे. ते नशीब होते. दुसऱ्याच्या जिवावर असे नशीब आजमावायचा हक्क कोणालाही नाही.

मॅनिंग यांना ऑगस्ट २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती कमी केली आणि मे २०१७ मध्ये त्या सुटल्या. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांनी २६ जून २०२४ रोजी प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावरच्या अमेरिकी न्यायालयात एक आरोप मान्य केला आणि लंडनच्या तुरुंगात काढलेले ६२ महिने हीच शिक्षा धरून ते मोकळे झाले. त्या २०११ च्या कृतीबद्दल मी असांज यांना दोष देतो, आणि तरीही माहिती मिळवून प्रसिद्ध करणे हाच १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरावा, हे मला धोक्याचे वाटते. उद्या हेच कलम त्या पाच वृत्तपत्रांनाही लावता येईल.

अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी मधला मार्ग काढला. जून २०१३ मध्ये हाँगकाँगच्या हॉटेलात त्यांनी कागद पत्रकारांच्या हाती दिले आणि काय छापायचे, काय नाही, हे तुम्ही ठरवा म्हणून सांगितले. अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी सरकार घाऊक गोळा करत होते, हे त्यातून उघड झाले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने हा कार्यक्रम कायद्याच्या चौकटीत बसत नाही असे म्हटले, त्याच वर्षी संसदेने तो बंद करणारा कायदा केला, आणि २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानेही तो बेकायदा ठरवला. सरकारचे कृत्य बेकायदा ठरले. ते दाखवून देणारा मात्र आजही रशियात आहे, अमेरिकेत परतला तर त्याच १९१७ च्या कायद्याला तोंड द्यावे लागेल, आणि ‘का’ हे सांगता येणार नाही. रशियाच्या आश्रयाने त्यांच्या शब्दाचे वजन कमी होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कमी होते हे मलाही मान्य आहे. त्यांच्या कागदांचे वजन कमी होत नाही. त्याच कागदांनुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून अमेरिकेच्या यंत्रणेने ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्या होत्या.

या सगळ्यांशी मॅसॅच्युसेट्सच्या जॅक टेशेरा याची तुलना करू नये. नॅशनल गार्डमधल्या या तरुणाने युक्रेन युद्धाविषयीचे अतिगोपनीय कागद डिस्कॉर्डवरच्या मित्रांच्या गटात टाकले, त्यांच्यावर छाप पाडण्यासाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. ‘का’ हा प्रश्न इथे विचारला असता तरी त्याचे उत्तर त्याला वाचवू शकले नसते, आणि तसेच असायला हवे. उद्देश तपासण्याची मुभा दिली तर प्रत्येक चोर साधू होईल, अशी भीती घालणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

मराठी वाचकाच्या फार जवळ असलेले एक गुपित मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या दिवसांपासून आपल्या तोंडी आहे. नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधुरी यांनी पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांच्याकडे सोपवली. १९६३ च्या उन्हाळ्यात अहवाल आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी संसदेत प्रशिक्षण, साधने, नेतृत्वाची साखळी यांविषयीचे निष्कर्ष थोडक्यात सांगितले आणि पूर्ण अहवाल उघड केल्यास सुरक्षेला आणि सीमेवरच्या जवानांच्या मनोधैर्याला धक्का बसेल, असे बजावले. तो निर्णय मी योग्य मानतो. मोडलेली फौज उभी करण्याचे काम चालू होते, आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६५ मध्ये, तिला पुन्हा लढायचे होते.

पण गुपितालाही वय असते. लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले तेव्हाचे वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांच्या हाती या अहवालाचा पहिला खंड लागला होता आणि १९७० च्या त्यांच्या पुस्तकात त्याचा वापर झाला. त्यांच्यावर गोपनीयता कायद्याखाली आरोप ठेवला गेला. मोरारजी देसाई पंतप्रधान झाल्यावर तो मागे घेतला जाईपर्यंत त्यांना भारतात पाऊल ठेवता आले नाही. कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात अहवाल मागितला, २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नाही म्हटले. त्याच वर्षी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की अहवालातल्या गोष्टी आजही लष्करी दृष्ट्या महत्त्वाच्या आहेत. २०१२ मध्ये मॅक्सवेल यांनी भारतातल्या काही प्रमुख संपादकांना अहवाल छापण्यासाठी देऊ केला. कोणीही तयार झाले नाही. अखेर २०१४ च्या आरंभी त्यांनी पहिल्या खंडाचा मोठा भाग स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला. विरोधी पक्षात असताना मार्चमध्ये, इतके जुने दस्तऐवज बंद का ठेवता, असे विचारणारे अरुण जेटली जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत सांगत होते की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. सरकार बदलले, उत्तर तेच राहिले.

काय आहे त्या पानांत? २ नोव्हेंबर १९६१ रोजी पंतप्रधानांच्या कार्यालयात पुढे चौक्या उभारण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांच्या मागे रसदीसह भक्कम तळ उभारावेत असेही ठरले होते. लष्करी मुख्यालयाने डिसेंबरमध्ये खालच्या कमांडना जो आदेश धाडला, त्यात हा भाग नव्हताच. चौक्या पुढे गेल्या, तळ मागे राहिले. चीन लष्करी प्रतिकार करणार नाही या गृहीतावर सगळे चालले. पश्चिम कमांडचे लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये लेखी इशारा दिला, तो ऐकला गेला नाही. थंडीच्या कपड्यांविना, मोजक्या काडतुसांनिशी जी मुले लडाखच्या आणि नेफाच्या कड्यांवर उभी केली गेली, ती कशी आणि कोणाच्या निष्काळजीपणामुळे, याचा हा हिशोब आहे. त्यांच्या विधवांना तो कधी दाखवला गेला नाही. अहवाल जालावर येऊन दशकाहून अधिक काळ लोटला. त्यामुळे सीमेवर एखादी चौकी गेली, एखादा जवान दगावला, असे कोणत्याही सरकारने संसदेला सांगितलेले नाही.

मॅक्सवेल यांचा भारताविषयीचा पूर्वग्रह त्यांच्या लिखाणात ठिकठिकाणी दिसतो आणि मला तो खटकतो. त्यांच्याकडून हा कागद मिळावा लागला, हेही खटकते. पण त्यांनी फोडले ते पन्नास वर्षांपूर्वीचे होते, आणि टाकण्यापूर्वी पुरते वाचलेले होते. देशाने आपल्या पराभवातून शिकावे यासाठी आपल्याच दोन अधिकाऱ्यांनी निष्ठेने लिहिलेली ती पाने आहेत. जोडपत्रांचा दुसरा खंड अजूनही कोणाच्या दृष्टीला पडलेला नाही.

हे पुस्तक वाचताना वाचकाने प्रत्येक प्रकरणात मला आणि इतर लेखकांना अडवून विचारावे: यात कोणाचा जीव धोक्यात होता, आणि कोणाची खुर्ची? फोडलेला कागद मोबाइलवर येऊन पडला तर पुढे धाडण्यापूर्वी स्वतःलाही तेच विचारावे. आणि एक मागणी आपण सर्वांनी मिळून करावी. १९६२ मध्ये त्या बर्फात अठरा-वीस वर्षांचे असलेले जे सैनिक आज हयात आहेत, ते ऐंशीच्या पुढे गेले आहेत. हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाचे दोन्ही खंड सरकारने ते हयात असतानाच राष्ट्रीय अभिलेखागारात खुले करावेत.